दोन्ही बाजूंचं सैन्य, एकाच खिशातून

मिनिएचरचा खेळ एकदा घरात शिरला की चार-सहा महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो: अजून एक बॉक्स घ्यायचा का? पहिला बॉक्स वाढदिवसाला कुणी मामा-काकांनी दिलेला असतो. दुसऱ्याची किंमत मात्र आईबाबांना स्वतः पाहावी लागते आणि मग घरात जरा शांतता पसरते.

ज्यांच्या घरी हा नाद अजून पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंगठ्याच्या पेराहून जरासे मोठे, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, जादूगार, राक्षस किंवा यंत्रमानव असतात. सुटे भाग जोडून ते तयार करायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे, मोजपट्टीने इंच मोजत पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. पटावर चौकटी नसतात. टेकडी म्हणजे खरीच छोटी टेकडी आणि भिंतीआड लपलेला सैनिक खरोखर दिसत नाही. यातलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये आला. तुमच्या मुलाने पहिल्यांदा बहुधा हेच नाव घेतलं असेल.

हा छंद महागच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बहुतेक माल बाहेरून येतो. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर कुरिअरवाल्यांचा खर्च वेगळा. म्हणून परदेशी दुकानाच्या साइटवर दिसणारा आकडा आपल्यासाठी खरा नसतो. मुलांना हे गणित एकदा कागदावर मांडून दाखवावं. नुसतं ‘परवडत नाही’ म्हटलं की ती रुसतात. हिशोब दाखवला की स्वतःच पर्याय शोधायला लागतात.

पण किमतीपेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे, आणि खरेदीच्या सल्ल्यांत तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. ते सल्ले दिले जातात लंडन-शिकागोसारख्या ठिकाणी, जिथे दर शनिवारी क्लबात समोरचा आपलं सैन्य घेऊन येतो. तिथे प्रत्येकाने आपापली एक बाजू वाढवत न्यायची असते. आपल्याकडे मुंबई, बंगळुरू, पुण्यासारखी काही शहरं सोडली तर समोरचा गडी आणायचा कुठून? वडील बदलीच्या नोकरीत, घर भोपाळला किंवा विशाखापट्टणमला, मुलगा नव्या शाळेत. त्याच्याकडे चाळीस सैनिकांची देखणी फौज आहे आणि ती कपाटात उभी आहे, कारण खेळायला कुणी नाही. अशा वेळी त्याच फौजेत आणखी दहा सैनिकांची भर घातली तर फक्त कपाट भरतं.

म्हणून माझं मत असं: पुढचे पैसे समोरच्या बाजूवर खर्च करा. दोन्ही बाजू आपल्याच घरातल्या असाव्यात, लहान असाव्यात आणि एकमेकींना तुल्यबळ असाव्यात. मग शेजारचा मुलगा, सुट्टीत आलेली आतेबहीण, फार काय आजोबासुद्धा रिकाम्या हाताने येऊन खेळू शकतात. भाषा वेगळी असली तरी फासा सगळ्यांना वाचता येतो.

हा काही नवा शोध नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. त्याआधी १९११ मध्ये मुलांसोबत जमिनीवर खेळायच्या खेळांवर त्याचं ‘फ्लोअर गेम्स’ आलं होतं. वेल्सच्या घरी दोन्ही सैन्यं घरचीच होती. पाहुणा आला की त्याला एक बाजू देऊन टाकायची. रणभूमी गालिच्यावर, विश्वकोशाचे जाडजूड खंड आणि लाकडी ठोकळे मांडून उभी केलेली.

आधी नियम, मग बॉक्स

किती खर्च होणार हे दुकानात ठरत नाही, कोणता खेळ खेळायचा यावर ठरतं. ‘वॉरहॅमर ४०,०००’चा पूर्ण सामना साधारणपणे २००० गुणांचा धरतात. त्यासाठी एका बाजूलाच अनेक बॉक्स लागतात. त्याच कंपनीचा ‘किल टीम’ मूठभर सैनिकांत खेळता येतो. ज्याला ते विश्वच आवडतं, त्याने तिथून सुरुवात करावी. ब्रँडचा आग्रह नसेल तर मात्र दारं खूप उघडतात. ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम फुकट मिळतात आणि त्यांत कोणत्याही कंपनीचे सैनिक चालतात.

मला स्वतःला कुटुंबासाठी सर्वांत पटलेला खेळ म्हणजे ‘फ्रॉस्टग्रेव्ह’. जोसेफ मॅककलो यांनी लिहिलेला हा खेळ २०१५ मध्ये ऑस्प्रे या प्रकाशनाने आणला. बर्फात गाडलेल्या एका उजाड शहरात दोन जादूगार आपापली टोळी घेऊन खजिना शोधायला उतरतात. एक जादूगार, एक चेला आणि जास्तीत जास्त आठ शिपाई, म्हणजे एका बाजूला दहा जण. त्यांच्यासाठी निघालेल्या शिपायांच्या प्लास्टिक बॉक्समध्ये २० सैनिक होतात. सरळ भागाकार करा: एका बॉक्समध्ये दोन्ही टोळ्या! जादूगार वेगळा विकत घ्यायलाच हवा असं नाही. एखाद्या शिपायाच्या हातातली तलवार कापून तिथे झाडूची काडी चिकटवा आणि फेविकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरचा झगा घाला. लांबून कुणाला शंकाही येणार नाही.

या खेळाचा आणखी एक फायदा आहे. एक लढाई संपली की टोळीला सोनं मिळतं, जादूगार नवी जादू शिकतो, गंभीर जखमी शिपाई पुढच्या लढाईला मुकतो. म्हणजे तेच दहा जण महिनोन्‌महिने नवे वाटत राहतात. संग्रह वाढल्याचं समाधान मिळतं, खिशाला मात्र कळतही नाही.

सैनिक कुठून आणायचे

ऐतिहासिक लढायांची आवड असेल तर १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक पाहा. एअरफिक्स, इटालेरी, झ्वेझ्दा यांचे बॉक्स येतात आणि एका बॉक्समध्ये साधारण चाळीस-पन्नास सैनिक असतात. ते अडीच सेंटिमीटरच्या आसपासच असतात, चेहरे तितके रेखीव नसतात. पण दर सैनिकामागे खर्च खूपच कमी पडतो. त्यांना रंग नीट धरत नाही ही तक्रार खरी आहे. आधी भांड्यांच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा आणि रंगवून झाल्यावर पातळ फेविकॉलचा हात द्या, म्हणजे पोपडे कमी निघतात.

त्याहून स्वस्त म्हणजे कागद. पीटर डेनिस या चित्रकाराची कागदी सैन्यांची पुस्तकं हेलियन प्रकाशनाने काढली आहेत. पुस्तक एकदाच घ्यायचं आणि घरच्या खेळासाठी पानांच्या हव्या तितक्या प्रती काढायच्या. पाठपोट चिकटवून कापलेली कागदी पलटण टेबलावर इतकी छान दिसते की ‘हे काय कागदाचं!’ म्हणणारी मुलं दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन बसतात. नवा खेळ आवडतो का हे आधी कागदावर पाहायचं आणि मगच प्लास्टिकला पैसे द्यायचे.

जुना माल घ्यायला हरकत नाही. महाविद्यालयात गेलेली किंवा परदेशी निघालेली मुलं अख्खा संग्रह काढून टाकतात. दुसऱ्याने थापलेला जाड रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासला की कडक प्लास्टिकवरून बराच निघतो. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करायचं. फार जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असू शकतं. ते लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

थ्रीडी प्रिंटरचं काय, असं हल्ली सगळेच विचारतात. बारीक नक्षीसाठी लागतो तो रेझिनचा प्रिंटर. ओलं रेझिन त्वचेला लागू द्यायचं नसतं, त्याच्या वाफा कोंडू द्यायच्या नसतात, प्रत्येक वस्तू धुऊन अतिनील प्रकाशात कडक करावी लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे जेवणाचं टेबल तेच अभ्यासाचं टेबल, तिथे मी तरी तो ठेवणार नाही. शहरातल्या प्रिंट करून देणाऱ्याकडून चार-पाच खास पात्रं करून घ्यावीत. मात्र फाइल रीतसर विकत घेतलेली किंवा निर्मात्याने मोफत दिलेली असावी.

आणि हो, उरलेले हात, डोकी, ढाली कधीही टाकू नका. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये लागतात त्याहून जास्त भाग येतात. ते एका डबीत साठवा. दोन मित्रांनी डब्या अदलाबदल केल्या तर दोघांकडेही असे सैनिक तयार होतात जे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

रंग

परदेशी रंगांच्या इवल्याशा बाटल्यांवर सैनिकांपेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात. सुरुवातीला कॅमलिनचे अॅक्रिलिक पुरतात: काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा आणि एक तपकिरी. पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, एकच जाड थर द्यायचा नाही, नाहीतर नाकडोळे बुजतात. काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी करून शेवटी सैनिकावर सोडलं की ते खाचांत उतरतं आणि सैनिक एकदम जिवंत दिसतो. पैसे खर्चायचेच असतील तर एका चांगल्या, टोकदार ब्रशवर खर्चा.

आमच्या घरी नियम आहे की हातातले रंगवून झाल्याशिवाय नवीन बॉक्सचं नाव काढायचं नाही. शिक्षा म्हणून हा नियम केलेला नाही. एक सैनिक नीट रंगवायला दोन-तीन तास सहज जातात, तेव्हा वीस सैनिकांचा बॉक्स शाळा-क्लास सांभाळून दोन-तीन महिने पुरतो. महिन्याला ५०० रुपये बाजूला ठेवले तर तेवढ्यात १,००० ते १,५०० जमतात. पुढची खरेदी तेव्हा ठरवायची, आणि ती त्याच रकमेत बसवायची. जगभरचे या छंदातले लोक न रंगवलेल्या बॉक्सच्या ढिगाला हसत हसत ‘लाजेचा डोंगर’ म्हणतात. तो डोंगर मोठ्या माणसांनीच रचलेला असतो, हे मुलांना जरूर सांगा.

रणभूमी घरातच आहे

दृश्यांसाठी एक रुपयाही खर्च करू नये असं मला वाटतं. मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळीत दगड-माती रचून किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे, गेल्या वर्षीचे मावळे वर्तमानपत्रातून सोडवायचे आणि त्यांत दोन-चार नव्यांची भर घालायची. पुण्या-साताऱ्यापासून दूर, बाल्कनीत पाटावर किल्ला करणारी घरंही मी पाहिली आहेत. मिनिएचरचा छंद म्हणजे तीच रीत टेबलावर आणायची.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल सुरीने तिरका कापला की कडा तयार होतो. त्यावर आधी फेविकॉलचा जाड थर द्या. थेट स्प्रे पेंट मारला तर थर्माकोल वितळतो. कुरिअरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आत पन्हाळी पत्रा दिसतो, गोदामाचं छप्पर आयतं तयार. आइस्क्रीमच्या काड्यांचे दरवाजे, नारळाच्या काथ्याचं वाळकं गवत. चहाचा चोथा उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवून फेविकॉलवर भुरभुरला तर जंगलातल्या जमिनीसारखा दिसतो. ओलसर राहिला तर बुरशी येते, एवढं लक्षात ठेवा. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या सुरुवातीच्या दिवसांत गेम्स वर्कशॉपनेच डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा हे छापलं होतं. तेव्हा मुलगा ‘घरचं बरं दिसत नाही’ म्हणाला तर त्याला हा दाखला द्या.

सैनिकांच्या तळाला हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वॉशर चिकटवा. सैनिक पडत नाहीत, आणि जाहिरातींत फुकट आलेले फ्रिजचे चपटे चुंबक प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी चिकटवले की त्याच डब्यात ते उभेच्या उभे राहतात. बदलीच्या घरांना हे फार उपयोगी पडतं. ट्रकमधून सामान गेलं तरी भाले मोडत नाहीत.

स्प्रेचं काम पावसाळ्यात टाळा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक चढते आणि ती सहजी जात नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तर ऑक्टोबरपर्यंत ब्रशनेच पहिला हात द्यावा. तोवर पुठ्ठ्याची गोदामं करून ठेवता येतील, आणि समोरच्या टोळीचं नाव काय ठेवायचं तेही ठरेल.