बियाण्याइतकीच जमीनही जबाबदार

कर्करोगाविषयी सर्वसाधारण सुशिक्षित माणसाच्या मनात एक ठाम चित्र असते. शरीरातील एखादी पेशी बिघडते, देहाचे नियम झुगारून देते आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार होत अखेर सबंध देहाचा घास घेते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. बिघडलेल्या पेशीला वाढू देणारा किंवा वाढू न देणारा तिचा परिसरही या घटनेत भागीदार असतो, हे सिद्ध करण्यासाठी मीना बिसेल या संशोधिकेने आपल्या आयुष्याची चार दशके वेचली. त्यांच्या कार्याचा अर्थ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. सार्वजनिक आरोग्यावरील पैसा कोठे आणि केव्हा खर्च करावा, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रत्येक अवयवात मुख्य काम करणाऱ्या पेशींभोवती एक आधाराचा पसारा असतो. शरीरशास्त्रात त्याला संयोजी ऊती म्हणतात. कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे, ते धागे निर्माण करणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामधील द्रव्य यांची ती वीण असते. घराच्या भिंतीतील विटा-चुन्याप्रमाणे हा केवळ मूक आधार आहे, असेच दीर्घकाळ समजले जाई. वास्तविक १८८९ सालीच स्टीफन पॅजेट या लंडनच्या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला होता. रोगाचे कण रक्तावाटे सर्वत्र जात असतील, तर यकृतात ते वारंवार रुजतात आणि प्लीहेत क्वचितच, असे का व्हावे? बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते, हे त्याचे उत्तर होते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र त्याकडे वळायला जवळजवळ एक शतक लागले.

एक कोंबडी आणि एक विषाणू

या दुर्लक्षाला कारणही तसेच होते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या संयोजी ऊतीतील कर्करोग एका विषाणूमुळे होतो असे दाखविले. त्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी! पुढे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांनी या विषाणूतील घातक जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतूनच आलेले आहे, असे सिद्ध केले. त्यांनाही १९८९ साली नोबेल मिळाले. कर्करोगाचे बी म्हणजे बिघडलेले जनुक, हा सिद्धांत त्यामुळे सर्वमान्य झाला. अमेरिकेने १९७१ साली खास कायदा करून कर्करोगावरील संशोधनासाठी जो पैसा ओतला, त्याचा ओघही स्वाभाविकपणे त्याच दिशेने वाहू लागला.

१९४० साली तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळविलेल्या मीना बिसेल याच सुमारास, १९७२ साली, बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत दाखल झाल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मुलाच्या शंकेइतका साधा होता. शरीरातील सर्व पेशींची जनुके जर एकच, तर नाकाची पेशी नाकाची आणि स्तनाची पेशी स्तनाची कशी राहते? पेशीभोवतालचे जाळेच केंद्रकाला संदेश देते आणि पेशीही उलट ते जाळे घडविते, असा देवघेवीचा सिद्धांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडला. अनेक शास्त्रज्ञांना तो कल्पनाविलास वाटला.

त्यास उत्तर मिळाले ते राउस यांच्याच विषाणूकडून. १९८४ साली बिसेल आणि त्यांचे सहकारी डोल्बर्ग यांनी तो विषाणू अंड्यातील चार दिवसांच्या गर्भात सोडला. पेशींत विषाणू शिरला, त्याचे घातक जनुक कामही करू लागले. परंतु गाठ झाली नाही. त्याच पेशी सुट्या करून काचेच्या बशीत ठेवताच त्यांनी कर्करोगाचे रूप धारण केले. पुढच्या वर्षीचा प्रयोग त्याहून बोलका होता. अंड्याबाहेर आलेल्या पिलाच्या एका पंखात विषाणू टोचला की तेथे गाठ होई. दुसऱ्या पंखाला जखम केली की त्या जखमेच्या जागीही गाठ उद्भवे. विषाणू रक्तातून सर्वत्र फिरत होताच; त्याला हवी होती ती भरून येत असलेली, खळबळलेली जमीन.

यावर कळस चढला तो १९९७ साली. बिसेल यांच्या प्रयोगशाळेत व्हॅलेरी वीव्हर व इतरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या मानवी पेशी मऊ जेलीसारख्या माध्यमात वाढविल्या. त्या पेशींच्या पृष्ठभागावर परिसराचे संदेश स्वीकारणारे एक प्रथिन असते. ते प्रतिपिंडाने अडविताच बेशिस्त वाढणाऱ्या पेशी नीटस गोलाकार रचना करून थांबल्या. त्यांची जनुके पूर्वीइतकीच बिघडलेली होती. वर्तन मात्र सुधारले होते.

अतिउत्साहाचा धोका

येथे सावधपणाही आवश्यक आहे. जनुकाच्या सिद्धांताने रोग्यांचे प्राण वाचविले आहेत, हे नाकारता येणार नाही. एका विशिष्ट जनुकदोषाच्या उत्पादनावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली आले आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे स्वरूपच पालटले. याउलट, परिसरावर उपचार करण्याचे पहिले प्रयत्न अंगलट आले. संयोजी ऊती विरघळविणाऱ्या विकरांना रोखणारी औषधे मानवी चाचण्यांत अपयशी ठरली. स्वादुपिंडाच्या गाठीभोवतीचे दाट कवच हटविले तर औषध आत पोहोचेल, या आशेने घेतलेली एक चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट झाली. २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांतून उलगडा झाला की, ते कवच काही अंशी रोगाला आवरूनही धरीत होते. कुंपण काढले की गुरे मोकाट सुटतात, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा बिघडलेली जमीन नांगरून काढणे हा सोपा उपाय नव्हे. मग जमीन बिघडण्यापूर्वीच जपणे, हाच मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. आणि नेमक्या याच मुद्द्यावर बर्कलीच्या प्रयोगशाळेतील प्रश्न मराठी माणसाच्या पानाच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचतो.

सुपारीचा धडा

गालाच्या आतील अस्तराखाली संयोजी ऊतीचा मऊ, लवचीक थर असतो. सुपारी सतत चघळणाऱ्यांत हा थर हळूहळू घट्ट होत जातो. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य धागे विणणाऱ्या पेशींना चेतविते आणि तिच्यातील तांब्यामुळे ते धागे एकमेकांना जखडणारे विकर बळावते. प्रथम तिखटाने जळजळ होते, मग गाल ताठरतो आणि पुढे तोंड उघडणेच अवघड होते. १९५२ साली केनयातील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार वर्णिला गेला आणि १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम येथे अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे शेकडा ७.६ जणांना, तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. आधी जमीन बिघडते आणि मग त्यात बी रुजते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असू शकेल?

तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगजनक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. बंदीचा हेतू स्तुत्य आहे. परंतु साधी सुपारी आजही ताटात, पूजेत आणि खिशात निर्वेधपणे वावरते. कोकणातील बागाईतदाराचा संसार तिच्यावर चालतो, हेही खरे. म्हणूनच केवळ हुकमाने हा प्रश्न सुटणार नाही. बागाईतदाराला पर्यायी पिकासाठी साहाय्य आणि सामान्य माणसाला वेळीच इशारा, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील.

खर्च केव्हा करावा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा हिशेब कठीण नाही. गाठ झाल्यावर शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे, गावाहून परळला येऊन पदपथावर काढलेले दिवस आणि बुडालेली मजुरी, हा सर्व भार कुटुंबावर पडतो आणि त्यात घरदार गहाण पडते. याउलट, जमीन ताठरू लागली आहे हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. हाताची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात उभी मावत नसतील, तर ती धोक्याची खूण समजावी. शाळेतील शिक्षक, ग्रामीण आरोग्यसेविका किंवा कचेरीतील सहकारीही ती ओळखू शकतो. सुपारी त्याच वेळी सुटली तर विकाराची वाढ पुष्कळ अंशी रोखता येते. गेलेली लवचीकता पूर्ववत होणे मात्र कठीण. तरीही अंदाजपत्रकात रुग्णालयाच्या नव्या इमारतीला जे मानाचे स्थान मिळते, ते अशा साध्या तपासणीला मिळत नाही, कारण तिचे उद्घाटन करता येत नाही आणि तिच्यावर कोनशिला बसवता येत नाही.

बिसेल यांना आपला सिद्धांत मान्य होण्यासाठी दशकानुदशके वाट पाहावी लागली. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेने प्रवाहाविरुद्धच्या या कामाला थारा दिला, हे त्या समाजाचे शहाणपण होय. आपल्याकडे पुरावा तर १९५३ सालापासून तोंडातच आहे. त्यासाठी नवे नोबेल मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बी कोठे पडेल, हे कुणाच्याच हाती नसते. जमीन राखणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.