सांध्यांचा घसारा कोणी सोसायचा?

वरळीच्या बीडीडी चाळींपासून महालक्ष्मीचे रेसकोर्स फार दूर नाही. या दोन जगांत साम्य शोधायचे तर ते एका व्याधीत सापडते. ती व्याधी म्हणजे सांध्यांचा जुनाट दाह. घोड्यावर शस्त्रक्रिया होते आणि कामगार मात्र लंगडत जगतो, असे म्हणून संताप व्यक्त करणे सोपे आहे. परंतु चळवळीला संतापाइतकीच नेमक्या मागणीचीही गरज असते. म्हणून घोड्याला प्रत्यक्षात काय मिळते, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

शर्यतीचा घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच, हाडे पुरती पक्व होण्याआधी, धावू लागतो. भरधाव वेगात क्षणभर एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे हजार किलोहून अधिक भार येतो. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो वस्तुतः मनगटाचा सांधा. तेथे आणि खुराच्या वरच्या सांध्यात हाडाचे कपचे उडतात, आवरणाला सूज येते आणि कूर्चा झिजू लागते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा भरून येत नाही. पूर्वी असा सांधा उघडून शस्त्रक्रिया करीत. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत वेन मॅकइल्रेथ आदी शल्यविशारदांनी दुर्बिणीची पद्धत रूढ केली. लहान छिद्रांतून कपचा काढतात, सांधा धुतात आणि पुढे काही महिने घोड्याला विश्रांती देतात. झीज थोडी असेल तर बहुतेक घोडे पुन्हा धावतात. झीज फार झाली असेल तर स्क्रू व पट्टी बसवून सांधा कायमचा जखडतात. मग घोडा जगतो, पण धावत नाही.

यात घोड्याचे भाग्य मानण्याचे कारण नाही. तोही राबणाराच आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्याच्या वेदनेपेक्षा त्याच्या किमतीवरून आणि पुढील कमाईच्या अंदाजावरून ठरते. सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले की वेदना दबते आणि घोडा दुखऱ्या पायावरच धावतो; म्हणूनच शर्यतीपूर्वी काही दिवस अशा इंजेक्शनावर बंदी घालावी लागली. बाजारात ज्याचा भाव उरला नाही, त्याच्या सांध्याची काळजी करण्यात मालकाला स्वारस्य नसते.

आता माणसाकडे वळू. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. 160 चौरस फुटांच्या खोल्या, तळमजल्यावर तीन मजले आणि चढ-उतारासाठी जिने. गिरणीत पाळीभर उभे राहायचे आणि घरी येऊन जिने चढायचे, हा पिढ्यांचा क्रम होता. 1982 च्या संपानंतर गिरणगावात अनेकांच्या वाट्याला हमाली आणि पहारेकरी आली, बायकांच्या वाट्याला धुणीभांडी. कामे बदलली, गुडघ्यावरचा भार उतरला नाही.

मग घोड्याची शस्त्रक्रिया कामगाराला द्यावी काय? तसे नव्हे. वयानुसार झिजलेल्या मानवी गुडघ्यात दुर्बिणीने केलेली साफसफाई दिखाऊ शस्त्रक्रियेहून सरस ठरत नाही, हे ह्यूस्टन येथील प्रयोगाने 2002 सालीच दाखवले. अखेरच्या अवस्थेत सांधाबदल उपयोगी पडतो. 2017 साली केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या प्रकाराचा दर करांखेरीज 54,720 रुपये ठरवला. हे स्वागतार्ह होते. परंतु इस्पितळाचा इतर खर्च आणि बुडालेली मजुरी त्यात नाही. घोड्याकडून उचलण्याजोगी गोष्ट शस्त्राच्या आधीची आणि नंतरची आहे: लंगडणे दिसताच तपासणी, पुरेशी विश्रांती, आणि या सर्वांचा खर्च ज्याच्या धंद्यासाठी सांधा झिजला त्याच्या माथी.

अर्थशास्त्रात यंत्राच्या झिजेला घसारा म्हणतात. कारखानदार तो उत्पादनखर्चात धरतो. मजुराच्या सांध्याचा घसारा मात्र त्याचे कुटुंब सोसते, आणि मालाच्या किमतीत तो कोठेही उमटत नाही. जर्मनीने 2009 साली गुडघ्याची झीज व्यवसायजन्य रोगांत धरली. त्याच वर्षी ब्रिटनने कोळसा खाणकामगारांसाठी तसेच केले. आपल्याकडे 1923 च्या भरपाई कायद्यापासून 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत व्यवसायजन्य रोगांची अनुसूची चालत आली आहे, पण तीत या झिजेला स्थान नाही.

‘मालक कोणता, हेच ठरत नाही,’ असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राने 1969 सालीच दिले आहे. माथाडी कायद्याने मंडळे स्थापून हमालांना काम देणाऱ्या सर्वांकडून वेतनाबरोबर लेव्ही घेतली. पहारेकऱ्यांसाठी 1981 चा आणि घरेलू कामगारांसाठी 2008 चा कायदा आहे. या मंडळांतून सांध्यांची नियमित तपासणी, उपचार आणि भरपगारी विश्रांती मिळावी, अशी मागणी आपण करू शकतो.

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या पहिल्या 556 बीडीडी रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नव्या इमारतींत उद्वाहने आहेत. जिन्याचा प्रश्न तेथे सुटेल. कामाच्या जागेचा सुटणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत घरोघर जाऊन कोणाचा सांधा कोणत्या कामाने आणि किती वर्षांत झिजला, याची नोंद करावी. अनुसूचीत नवे नाव घालायचे तर सरकारपुढे अशीच वही ठेवावी लागते.