टोनी मॉरिसन यांचे पुस्तक शाळेला का नको आहे?

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी एक यादी काढते. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून जी पुस्तके हटवा अशी सर्वाधिक मागणी झाली, त्यांची ही यादी. टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ ही १९७० सालची कादंबरी २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षे पहिल्या दहांत आहे. लेखिका २०१९ मध्ये गेल्या. हरकती मात्र थांबत नाहीत.

कारण सांगितले जाते अश्लीलतेचे. पिकोला या अकरा वर्षांच्या काळ्या मुलीवर तिचा बापच बलात्कार करतो, हा प्रसंग पुस्तकात आहे आणि तो वाचवत नाही. मुलांच्या हाती काय पडते याची काळजी पालकांनी करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण हरकत घेणाऱ्यांनी निदान पहिले पान तरी नीट वाचावे. तिथे बलात्कार नाही, शाळेचा धडा आहे. छानसे घर, आई, बाबा, डिक, जेन, कुत्रा, मांजर. अमेरिकेतल्या लाखो मुलांनी ज्या वाचनमालेवर अक्षरे गिरवली तिच्या धर्तीचा हा उतारा. मॉरिसन तो तीनदा छापतात. दुसऱ्या वेळी विरामचिन्हे नाहीत. तिसऱ्या वेळी शब्दांमधली जागाही नाही, नुसती अक्षरांची भिंत. त्या वाचनमालेच्या चित्रांतले कुटुंब गोरे होते. पिकोला देवाकडे निळे डोळे मागते; डोळे सुंदर झाले तर घरातली भांडणेही थांबतील, असे तिला वाटते. मुलीच्या मनात स्वतःबद्दलची घृणा कोण पेरते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे आणि आरोपींच्या पिंजऱ्यात क्रमिक पुस्तकही उभे आहे. शाळेच्या कपाटातून नेमके हेच पुस्तक काढले जावे, याला आम्ही योगायोग मानत नाही.

क्लोई वॉफर्ड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९३१, ओहायोतल्या लोरेन या पोलाद कारखान्यांच्या गावी. हॉवर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांत शिक्षण, पुढे घटस्फोट, दोन मुलगे, दिवसा रँडम हाऊस प्रकाशनात संपादकाची नोकरी आणि मुले उठण्याआधी पहाटे लेखन. त्या खुर्चीवर बसून त्यांनी अँजेला डेव्हिस यांचे आत्मचरित्र काढले, ब्लॅक पँथरचे नेते ह्यूई न्यूटन यांच्या लेखांचे पुस्तक १९७२ मध्ये संपादित केले. त्याच वर्षी मुंबईत आपल्या तरुणांनी त्या संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतले. ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा, आणि त्याची भाषाही अनेक सभ्य वाचकांना सोसली नव्हती.

मॉरिसन गोऱ्या वाचकाला समजावून सांगत बसत नाहीत. हीच त्यांची शैली. तळटीप नाही, सफाई नाही. ‘रेसिटॅटिफ’ या १९८३ च्या कथेत दोन मैत्रिणी आहेत, एक काळी, एक गोरी. कोण कोणती, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. खाणे, केस, नवऱ्याची कमाई यांवरून वाचक अंदाज बांधत जातो आणि त्या अंदाजातच पकडला जातो.

‘बिलव्हेड’मागे खरी घटना आहे. मार्गारेट गार्नर १८५६ मध्ये केंटकीतून पळून ओहायोत आली; पकडणारे दारात येताच, लेक पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या चिमुरडीचा जीव घेतला. १९८७ च्या या कादंबरीला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले, १९९३ मध्ये लेखिकेला नोबेल. आणि २०२१ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराने याच पुस्तकावर हरकत घेतलेल्या एका आईला जाहिरातीत आणले. जाहिरातीत पुस्तकाचे नाव नव्हते, लेखिकेचेही नव्हते. उमेदवार जिंकला.

दुसरी बाजूही आहे. मिसुरीतल्या वेंट्झव्हिल शाळा मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये ‘द ब्लूएस्ट आय’ ग्रंथालयातून काढले. विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला आणि फेब्रुवारीत मंडळाने निर्णय मागे घेतला.

स्वतः मॉरिसन यांना बंदी नवी नव्हती. ‘पॅराडाइज’ वाचून कैदी दंगल करतील, अशा भीतीने टेक्सासच्या तुरुंगांत ती कादंबरी नाकारली गेली होती. तसे कळवणारे पत्र त्यांनी फ्रेम करून आपल्या न्हाणीघरात लावले होते.