ओल्या सरपणाचा हिशेब

कापसात ओल सापडली की भाव तुटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर माल परत. शेतकऱ्याचा माल घेताना ओल मोजतात. तोच शेतकरी वखारीतून सरपण आणतो तेव्हा ओल कोणी मोजत नाही. आणि धुऱ्यावरची बाभूळ विकतो तेव्हा तर वजनही होत नाही. उभे झाड नजरेच्या अंदाजाने उक्ते जाते.

हिशेब साधा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात 40 टक्के पाणी धरा. एका क्विंटलमध्ये लाकूड 60 किलो, पाणी 40 किलो. वाळून ओल 15 टक्क्यांवर आली की त्याचे 70 किलो भरतात. म्हणजे ओले घेणारा क्विंटलमागे 30 किलो पाण्याचे पैसे मोजतो. तोटा एवढ्यावर थांबत नाही. ओल्या लाकडाने चूल तापत नाही. चूल तापली नाही की लाकडातून निघणारा वायू पेटत नाही, त्याचा धूर होतो. तो धूर आमच्या मायबहिणींच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून कितीतरी घरी चुलीवरच आहे.

यावर उपाय आपल्या हातात आहे. आधी जात ओळखा. बाभळीची साल काळपट, खोल भेगांची, गाभा तांबूस, लाकूड जड आणि निखारा टिकणारा. हिवराची साल पांढुरकी. पळस, पांगारा, शेवगा वजनाला हलके, भुरकन जळून जातात. ढिगाने किंवा गाडीने घेताना हा फरक पैशाचा आहे.

लाकूड ओले असतानाच फोडा. वाळलेल्या बाभळीवर कुऱ्हाड उसळते. ओंडके हातभर लांबीचे करा, टोकाला चीर दिसेल तिथे पाचर ठोका, गाठ टाळा. सालीतून ओल सावकाश निघते. फोडलेल्या अंगाने ती लवकर जाते. पऱ्हाटी उपटून झाल्यावर, माघ-फाल्गुनात हे काम उरकले तर पुढचे कोरडे ऊन फुकट मिळते. थर दगडांवर रचा, म्हणजे वाळवी लागणार नाही. फटी ठेवा, वारा खेळू द्या. मृगाआधी वरून झाका; बाजू उघड्याच राहू द्या.

वाळले की नाही हे तराजूला विचारा. एका फाट्यावर खूण करा आणि दर आठ दिवसांनी वजन करा. वजन उतरायचे थांबले की सरपण तयार. असे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात.

एक सावधगिरी. साग, मोह, चिंच, आंबा, खैर अशी झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडू नका.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत : उभी बाभूळ कितीला गेली, तिचे लाकूड किती किलो भरले, वखारीत क्विंटलचा भाव काय. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की आपले झाड कोणाच्या घरी शिजते ते कळेल. तोवर उभे झाड उक्ते देऊ नका. तोडा, फोडा, वाळवा आणि मग काट्यावर घाला.