राबणाऱ्याला कष्टाचं महत्त्व कोणी सांगावं?

परवा आमच्या मंडळीत कापणीच्या सणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. विषय दिला होता 'ख्रिस्ती जीवनात कष्टाचं महत्त्व'. सारा जन्म साताऱ्यात पोरांना मराठी शिकवण्यात गेला, आता सांगलीला मुलाकडे असते. बोलायला मिळालं की मी कशाला सोडते!

मुद्दे नेहमीचेच काढले. देवाने आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करण्यासाठी, म्हणजे काम पापाच्या आधीपासून आहे. ती शिक्षा नव्हे. प्रभू येशू स्वतः सुतार. पौल एवढा मोठा प्रेषित, पण करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू बनवायचा. आणि ज्याला काम करायचंच नाही त्याला जेवायलाही वाढू नका, असं त्याने थेस्सलनीकाकरांना बजावलं.

मग आपल्या भागाकडे वळले. डॉ. विल्यम वानलेस 1889 साली इकडे आले. सांगलीत छोटा दवाखाना काढला, पुढे मिरजेत 1894 साली रुग्णालय उभं केलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथेच राबले. माझे वडील त्याच रुग्णालयात वॉर्डबॉय होते. बेडपॅन धुताना त्यांना कधी लाज वाटली नाही, हे मी जरा गळा भरूनच सांगितलं. टाळ्याही पडल्या.

उपासनेनंतर चहा चालू होता. शेवटच्या बाकावर बसलेली एक बाई जवळ आली. हळदीच्या गोदामात निवडायचं काम करते. हाताची नखं पिवळी. म्हणाली, "बाई, तुमचं सगळं खरं हाय. पण आम्ही आणि किती राबायचं? आज देवळात आले तर आजचा खाडा पडला."

मला उत्तर सुचलं नाही. कष्टाचं महत्त्व ऐकायला तिने एक दिवसाची मजुरी बुडवली होती, आणि ते तिला सांगत कोण होतं, तर पेन्शन घेणारी मी!

घरी आले तर धुणंभांडं करणाऱ्या मावशी मोरीत बसलेल्या. रविवार त्यांचाही होता. इतकी वर्षं माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी झोप लागेना म्हणून बायबल उघडलं. चौथी आज्ञा आपण लहानपणी पाठ केलेली असते, पण आपल्याला आठवतो तो फक्त शब्बाथ. त्या आज्ञेत दास आहे, दासी आहे, बैल आणि गाढव आहेत, वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. या सगळ्यांना विसावा मिळाला पाहिजे. अनुवादात तर कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, ते विसरू नका.

आणि मला माझे आजोबा आठवले. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते महारकी करायचे. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसापुढे धावायचं, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका. मोबदला काय, तर भाकरीचे तुकडे. कष्टानेच माणूस मोठा होत असता तर माझे आजोबा गावचे पाटील व्हायला हवे होते! डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं. वडिलांनी मिरजेत केलेलं कामही हलकंच मानलं जायचं. पण तिथे पगार होता, ठरलेली वेळ होती, आणि नाव घेऊन हाक मारली जायची. फरक कष्टात नव्हता, या तीन गोष्टींत होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच ओळखलं होतं, असं मला वाटतं. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, हाताने कामं करायची. पण त्या कष्टाच्या टोकाला शाळा होती. ज्या कष्टातून पुढे वाट फुटते तो कष्ट गोड लागतो. ज्यातून काहीच फुटत नाही, ते नुसतं जू.

द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहेच. मालक दिवस मावळायला तासभर उरला असताना बाजारात जातो आणि विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. इतकी वर्षं मी हा दृष्टांत देवाच्या कृपेवर शिकवला, आणि तो आहेच कृपेवर. पण त्या एका उत्तराशी मी कधी थांबले नव्हते. ती माणसं आळशी नव्हती. आपल्याकडेही सकाळी नाक्यावर डबा घेऊन अशी माणसं उभी असतात आणि दहा वाजता परत जातात. पौलाने दोष दिला तो काम टाळणाऱ्यांना, काम न मिळालेल्यांना नव्हे. (आमच्या नात्यातल्या एका मुलाला मी दिवाळीत चारचौघांत 'रिकामटेकडा' म्हटलं होतं. तो हे वाचतो. बाळा, माझं चुकलं.)

म्हणजे कष्टाला किंमत नाही का? आहे, खूप आहे. कुचराई मला आजही खपत नाही, माझे विद्यार्थी साक्षीला आहेत. पण मला वाटतं, कष्टाचा उपदेश सुस्तावलेल्यांना करावा. जे आधीच राबताहेत त्यांच्यासाठी शास्त्रात वेगळा शब्द आहे: विसावा आणि वेळेवर मजुरी. आणि तो त्यांना ऐकवायचा नसतो, त्यांना कामाला लावणाऱ्यांना ऐकवायचा असतो. आपल्या मंडळीत दुकानदार आहेत, बागायतदार आहेत, घरात बाई ठेवणाऱ्या माझ्यासारख्या तर कितीतरी.

मी एवढंच केलं. मावशींना रविवारची सुट्टी दिली, पगार न कापता. मुलगा म्हणाला, "आई, मग रविवारची भांडी कोण घासणार?"

म्हटलं, "तू. ख्रिस्ती जीवनात कष्टाचं फार महत्त्व आहे!"

गेल्या रविवारी त्याने घासली. कढई मात्र मला परत घासावी लागली. असो. त्या हळदीच्या बाईंचं उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.