सुट्टींतील ओव्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत बारामतीस आम्ही एकटेच राहिलों. वसतिगृह ओस पडलें होतें, घरचीं मुलें आजोळीं गेलीं होतीं. एके पहाटे झोप येईना म्हणून आम्ही आमच्या आवडीचें एक ध्वनिमुद्रण लावलें. तें कोणा नामांकित गवयाचें नव्हे, जात्यावरच्या ओव्यांचें.

हेमा राईरकर व गी प्वातवाँ या अभ्यासकांनीं १९८० नंतरच्या काळांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें शंभर तासांहून अधिक गायन ध्वनिमुद्रित झालें. २०१७ पासून तें ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकावयास मिळूं लागलें. बारामतीहून इंदापुरास जातांना लागणाऱ्या निमगांव केतकीच्याही ओव्या त्यांत आहेत. ज्या गांवचीं पानें आपण खातों, त्या गांवचें गाणें आपणांस ठाऊक नसतें!

आमचें मत असें झालें आहे कीं, हीं गाणीं एकट्यानेंच ऐकावीं. एकदां स्नेहसंमेलनांत आम्ही त्यांतील एक ओवी कर्ण्यावरून ऐकविली. पहिलाच कापरा सूर निघतांच मंडपांत हशा पिकला. तेव्हां आम्ही मुलांवर रागावलों; आतां वाटतें, चूक आमची होती. ओवी मुळीं सभेसाठीं रचलेलीच नव्हे. घर निजलेलें असतां एका हातानें खुंटा ओढावा, दुसऱ्यानें मूठभर ज्वारी वैरावी, आणि सासर, माहेर, लेक, भाऊ यांविषयीं जें कोणापुढें बोलतां येत नाहीं तें दगडाला सांगावें, अशी तिची रीत. टाळीसाठीं तींत कोठें जागाच ठेविलेली नाहीं.

म्हणून जातें परत यावें, असें मात्र आम्ही मुळींच म्हणत नाहीं. गिरणी आली व बायांच्या खांद्यांचे हाल थांबले, हें फार चांगलें झालें. जुनें तें सोनें म्हणणाऱ्यानें पायलीभर ज्वारी दळून पाहावी.

त्या पहाटे ऐकतां ऐकतां आमची आई आठवली. इंदापूर तालुक्यांतील आमच्या खेड्यांत गिरणी होती, तरी डाळ व भरडा ती घरींच काढी. आम्ही दहावीस होतों. ‘आई, गाऊं नकोस, अभ्यास होत नाहीं,’ असें आम्ही एकदां म्हटलें. ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवसापासून नुसतें जातें ऐकूं येई. तिला जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. तिच्या ओव्या कोणत्याही संग्रहांत नाहींत. आम्हांसही एक पुरी येत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील सुट्टींत आजीजवळ बसावें. यंत्र लगेच बाहेर काढूं नये. आधीं दोन-तीन ओव्या नुसत्या ऐकाव्या. ‘मला कांहीं येत नाहीं,’ असेंच ती प्रथम म्हणेल. आमची चुलतीही तेंच म्हणत होती. शेवटीं पडवींत उलटें पडलेलें जातें आम्ही झाडून पुसून मांडलें, व खुंटा हातीं येतांच तिला एकामागून एक सोळा ओव्या आठवल्या.