बोलताना समोरच्याला जांभई आली तर…



माझ्या वर्गात चांगल्या सवयींचा एक तक्ता आहे. नखं कापावीत, खरं बोलावं, आणि त्याच्याच खाली 'मोठी माणसं बोलत असताना जांभई देऊ नये.' ते शेवटचं वाक्य मीच लिहिलं होतं. मागच्या वर्षी ते पुसलं. का पुसलं ते सांगते, पटतं का पाहा.

डिसेंबरमधली पालकसभा होती, दुपारी तीनची. तिसरीतल्या एका मुलीच्या आईशी मी तिच्या वाचनाबद्दल बोलत होते. पाच मिनिटांत त्या बाईंना तीन जांभया आल्या. तिसऱ्या जांभईला माझा तोल गेला. "ताई, कंटाळा आला असेल तर राहू द्या," असं मी चार पालकांसमोर बोलून गेले.

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "नाई मॅडम, आयकून रायली मी. रातची लाइन होती, हरबऱ्याले पाणी द्याले गेलतो आमी. मंग सकायी वेच्याले गेली." आणि पुढे, "तुमी म्हनता ना, 'प्र' अन् 'र्प' तिले सारकाच वाटते. मी घेतो तिच्याकून लिहून."

मी सांगितलेलं सगळं त्यांच्या ध्यानात होतं. त्याच सभेत एक वडील डोळे टक्क उघडे ठेवून, एकही जांभई न देता बसले होते. हात मात्र मोबाईलवर. निघताना त्यांनी विचारलं, "मॅडम, काय सांगतलं तुमी?" पण त्यांच्यावर मला राग आला नव्हता. जांभई दिसते ना, म्हणून आपण तिच्यावरच उखडतो.

ज्यांचं शेतीशी नातं सुटलंय त्यांच्यासाठी सांगते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला अर्ध्या रात्री बॅटरी घेऊन जावं लागतं. त्याच दिवसांत कापसाचा वेचाही चालू असतो. अकोला-अमरावतीकडच्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेत डिसेंबरात पालकसभा घ्या, जांभया मोजायला बोटं पुरणार नाहीत.

आता जांभई म्हणजे कंटाळाच का? कंटाळ्याने येते हे खरं, पण फक्त त्यानेच नाही. आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, सोनोग्राफीत ते दिसतं. त्याला कोणाच्या बोलण्याचा कंटाळा येणार? प्राणवायू कमी पडला की जांभई येते असं आपण डी.एड.ला असताना ऐकलं होतं, मुलांनाही सांगत आलो. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी ते प्रयोग करून तपासलं आणि ते टिकलं नाही. मेंदू थंड करायला जांभई येते असं काही संशोधक म्हणतात, त्यावर अजून वाद आहे. दुसऱ्याची पाहून जांभई येणं मात्र साधारण चार-पाच वर्षांच्या वयानंतर दिसू लागतं. म्हणजे चौथीत एकाने दिली की बाक भरून जांभया येतात, तो काही कट नसतो. (हे वाचताना तुम्हालाही एक आली असेल. मी राग मानणार नाही.)

आपले जुने लोक याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते असं मला वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत असे तेरा वेग सांगितलेत. त्यात जांभई आहे. आणि लगेच आठव्या अध्यायात सांगितलंय की तोंड झाकल्याशिवाय जांभई देऊ नये. येऊ द्या, पण झाका. माझ्या तक्त्यावर आता हेच आहे: 'जांभई आली तर तोंडावर हात धरावा.' आजी चुटक्या वाजवत 'राम राम' म्हणायची, तेही चालेल.

मग असभ्य काहीच नाही का? आहे. आळोखेपिळोखे देत 'आऽऽ' असा सूर लावणं, समोरच्याला गप्प करायला मुद्दाम खोटी जांभई देणं. असे दोन कलाकार माझ्या वर्गातही आहेत, आणि खोटी जांभई ओळखायला शिक्षकाला संशोधन लागत नाही. त्यांना मी रागावते. पण खऱ्या जांभईला उभं करायचं, चिमटा काढायचा, 'रात्री काय चोऱ्या करतो का' म्हणायचं, हे आपण आता सोडलं पाहिजे. मुलांची झोप पुरी होत नाही हा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मांडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासन निर्णय निघाला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, म्हणून सकाळी सातची शाळा टाळता येत नाही. अंगणात बाजेवर उशिरा झोपलेलं लेकरू सातला पाढे म्हणताना जांभई देणारच.

जांभई आली की मी आता आधी स्वतःकडे पाहते. किती वेळ बोलतेय मी? शेंडगावचे आपले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना सारखे प्रश्न विचारत, उत्तरं वदवून घेत. श्रोता झोपेल अशी सोयच ठेवत नसत. दुपारच्या प्रशिक्षणात सलग दोन तास स्लाइड वाचून दाखवल्या की आपण काय करतो, ते आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा आपल्याला कोणी असभ्य म्हणत नाही.

पुढची पालकसभा मी संध्याकाळी साडेसहाला ठेवली, चहासकट, प्रत्येकाशी पाचच मिनिटं. त्या ताई आल्या नाहीत, पुन्हा रातची लाइन होती. दुसऱ्या दिवशी मुलीने वही आणून दाखवली. दोन पानं भरून 'प्र' आणि 'र्प'चे शब्द होते, खाली आईची सही. मला त्यांची माफी मागायची राहिली आहे. वेचा संपला की घरीच जाऊन येणार आहे.